शालूकाकींचं जाणं-येणं

आमच्या भावकीत माणसाला सुखानं आजारीसुद्धा पडता येत नाही. ताप आला, पाय मुरगळला, पित्त खवळलं, काहीही होवो, दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी. जीपमधून आधी बायका उतरतात, मग पुरुष, आणि शेवटी ज्यांचा पेशंटशी काही संबंध नाही पण जीपमध्ये जागा होती म्हणून आले आहेत अशी दोन-तीन माणसं. सगळ्यांत मिळून एक केळ्याची फणी आणि एक बिस्किटाचा पुडा. याला आमच्याकडे 'बघायला येणं' म्हणतात. आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून कुणी येत नाही. आपण आलो नाही असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून येतात. तुमच्या सासऱ्याच्या मुतखड्याला आम्ही मिरजेपर्यंत आलो, मग आमच्या आईला विंचू चावला तेव्हा तुम्ही कुठं होता, असले हिशेब आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत निघतात आणि जिलेबी खात खात मिटवले जातात.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी वडूजच्या हायस्कुलात मराठी शिकवते, आणि या भावकीचे म्होरके लालासाहेब, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते माझे सासरे. आबांनी हे वाचलं तर काय होईल, असं आमच्या ह्यांनी मला विचारलं. काही होणार नाही. आबा छापलेल्या कागदावर स्वतःचा फोटो शोधतात, आणि तो इथं नाही.

पण मला सांगायचं आहे ते शालूकाकींबद्दल. शालूबाई म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको, माझी चुलत सासू. काका फौजेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. घर आमच्या घराच्या मागल्या बोळात. बुटकी, काटक बाई, नऊवारीचा काष्टा कसून मारलेला, आणि बघायला जाण्यात सगळ्या खटाव तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाईच्या दवाखान्यात कुणी ॲडमिट झालं की नातेवाइकांच्या आधी काकींना कळायचं. त्यांची जोडीदारीण म्हणजे बनुबाई, पलीकडच्या आळीतली चुलत जाऊ. दोघी एसटीनं निघायच्या, तंबाखूची चंची आणि केळ्यांची पिशवी घेऊन. पेशंटच्या खाटेवर पायाशी बसायचं, त्याचे पाय चेपायचे, डोळ्याला पदर लावायचा, आणि उठताना त्याच आजारानं गेलेल्या दोन माणसांची नावं सांगून यायची. पेशंट तिथंच अर्धा व्हायचा. त्यावर काकींचं एक ठरलेलं वाक्य होतं, की सुखाला न्हाई गेलं तरी चालतं, दुखाला जायाच लागतं. मी एकदा म्हटलं, काकी, निदान खोकणाऱ्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलू नका. त्या म्हणाल्या, तुझं शाळेतलं शाळेत ठेव.

तर अशा बाईचा एकुलता एक मुलगा फुप्फुसाच्या आजारानं खाटेला लागला.

उदयसिंह, आमचे उदयभावजी, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आले ते धडधाकट. पहाटे उठून वडूजच्या रस्त्यानं पळून यायचे. दोन वर्षांत कोरडा खोकला लागला, मग पायरी चढताना दम, मग जेवताना दम. आमच्या भावकीनं ताबडतोब निदान केलं. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं फौजेतली थंडी, आणि आबा म्हणाले की पोरानं व्यायाम सोडला. खरं काय ते ओळखलं भावजींच्या बायकोनं. दीपमाला सांगलीकडची, माधवनगरची. तिचे वडील तिथल्या गिरणीत कापसाच्या खात्यात होते आणि तिचं सगळं लहानपण त्यांचा खोकला ऐकण्यात गेलेलं. तिनं नवऱ्याच्या पाठीला कान लावला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना साताऱ्याला नेलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात सांगितलं, फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, वाळलेल्या स्पंजासारखी. औषधानं फार तर वेग कमी होईल. वाचायचं असेल तर फुप्फुसं बदलावी लागतील.

त्यासाठी यादीत नाव घातलं. त्यापुढचं डॉक्टरांनी नवरा-बायकोला आणि काकींना समोर बसवून सांगितलं होतं. कुठंतरी कुणीतरी मेंदूनं गेलेलं असेल, त्याच्या घरचे हो म्हणतील, रक्तगट आणि माप जुळेल, तेव्हा फोन येईल. फोन आला की जेवत असाल तर ताट तसंच ठेवून निघायचं. पण त्या दिवशी पेशंटला ताप असेल, छातीत जंतू गेलेले असतील, तर फोन येऊन उपयोग नाही. ते फुप्फुस दुसऱ्याला जाईल. म्हणून फोन येईपर्यंत माणसांची गर्दी नको, धूळ नको, धूर नको. काकींनी मान डोलावली. डॉक्टरला वाटलं, म्हातारीला समजलं. माणसं म्हणजे परकी माणसं, भावकी नव्हे, असं काकींना समजलं होतं.

भावजी घरी आले. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असायचं, नाकात नळी, आणि ती नळी जिथवर पोचेल तेवढं त्यांचं जग. झालं, जीप सुरू झाल्या.

काय एकेक नमुने आले! एकानं गाढविणीचं दूध बाटलीत भरून आणलं. एक जण खिडकीत उभा राहून विडी ओढत विचारत होता की धुराचा त्रास होतो का. आप्पासो म्हणून भावकीतले एक आहेत, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की इंजिन बदलतात तसंच हे, फक्त बॉडी जुनी असल्यावर नवं इंजिन बसत नाही. हे पेशंटच्या उशाशी बसून. आणि सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न, आवाज खाली आणून विचारलेला: कुणाचं घालणार? म्हणजे कुठल्या समाजाचं? ज्या माणसाला चार घास खाल्ल्यावर श्वास पुरत नाही, त्याला काय घातलं तर चालेल आणि काय चालणार नाही याची चर्चा आमच्या भावकीनं चहा पीत केली. चहा अर्थातच दीपमालानं करायचा.

दीपमाला बोलणारी बाई नाही. तिनं एक दिवस भावजींची खाट खिडकीला लावली, अंगणात कडुनिंबाखाली खुर्च्या टाकल्या आणि येणाऱ्याला हात जोडून तिथं बसवायला सुरुवात केली. खिडकीतून बघा, बोला, आत येऊ नका. लोकांना असा राग आला की जणू तिनं कुणाची जमीन बळकावली. सांगलीची बाई, शिकलेली बाई, कोरोना गेला पण हिचं फडकं तोंडावरून जाईना. आणि काकी? काकींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या खाटेवर पायाशी बसून दिवस काढले, तिच्याच दारात पाहुणे अंगणातून परत जात होते. सुनेशी त्या बोलेनाशा झाल्या. मला म्हणाल्या, लोकांनी आता माझ्या तोंडात शेण घालायचं तेवढं राहिलंय.

मग आली गावची जत्रा. मुंबई-पुण्याची सगळी भावकी गावात. आबांना चार दिवस सर्दी होऊन घसा बसलेला, नाक लाल, पण पालखीपुढं नाचायला ते होतेच, कारण पालखीपुढं व्हिडिओ काढणारा होता. दीपमाला त्या दिवशी ऑक्सिजनचं सिलिंडर भरून आणायला साताऱ्याला गेलेली, कारण जत्रेत गावची वीज जाते हा नियम आहे. पालखी मागल्या बोळात वळली आणि आबांच्या डोक्यात आलं की देव उदयसिंहाच्या खाटेपर्यंत न्यायचा. शंभरभर माणसं, हलगी, गुलाल, काकींच्या दारात. आबा बसलेल्या आवाजात ओरडले, "देव दारात आलाय आन दार बंद? पोराला दर्शन बी नगं व्हय?"

मी त्या गर्दीत मागं होते. कुणी मला पुढं सरकू दिलं नाही. कडी काढल्याचा आवाज तेवढा ऐकला. काकींनीच काढली. त्यांच्या बाजूनं विचार केला तर दुसरं काय करणार होत्या? दारात आलेल्या माणसाला त्यांनी कधी परत लावलं नव्हतं, आणि आज तर देव होता. बघता बघता खोली माणसांनी भरली. भावजींच्या कपाळाला मूठभर गुलाल, मशीनवर गुलाल, नळीवर गुलाल. आबांनी त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या मानेवरच शिंकले. मग सगळ्यांनी देवाच्या नावानं चांगभलं केलं आणि पालखी पुढं गेली. काकींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं, ते मला अजून आठवतं आणि अजून संताप येतो.

दीपमाला आली, तिनं खोली पाहिली. ओल्या फडक्यानं अख्खी खोली पुसून काढली. तिसऱ्या दिवशी भावजींना ताप भरला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची भांडी घासून व्हायच्या आत, पुण्याहून फोन आला.

ते गेले. तापाचं सांगितलं फोनवर, तरी या म्हणाले, तपासून ठरवू. ॲम्ब्युलन्समध्ये काकी हट्टानं बसल्या. पुण्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं, आणि तासाभरात बाहेर येऊन सांगितलं की या वेळी नाही. अशा वेळी आणखी एका पेशंटला तयार ठेवलेलं असतं. तो माणूस आणि त्याची बायको तिथंच कॉरिडॉरमध्ये बसलेले होते. त्यांना आत बोलावलं तेव्हा ती बाई इतकी घाईनं उठली की तिची चप्पल बाकाखालीच राहिली. दीपमालानं ती उचलून तिला नेऊन दिली. हे दीपमालानंच मला सांगितलं. ती म्हणाली, "मला त्या बाईचा राग येईना, ताई. मला आपल्या माणसांचा आला."

काकींनी डॉक्टरला गाठलं. ताप कशानं आला, विचारलं. डॉक्टर म्हणाले, कुणाच्या तरी सर्दीतून आला असणार, घरात कुणी आलं होतं का? परत येताना ॲम्ब्युलन्समध्ये पुण्यापासून गावापर्यंत काकी लेकाचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या, चेपत नव्हत्या, नुसते धरून.

आता कुणाला वाटेल की आमच्या भावकीला थोडी तरी लाज वाटली असेल. छे. आबांनी चौकात जाहीर केलं की पुण्याच्या दवाखान्यात वशिला लागतो, आपल्या माणसाचं फुप्फुस कुण्या बड्याला दिलं. आप्पासो म्हणाले, नशिबात नव्हतं. आणि रविवारी सकाळी भावजींचं सांत्वन करायला, म्हणजे फुप्फुस कसं हुकलं ते बघायला, तीन जीप निघाल्या. गेलेल्या फुप्फुसाचा दहावा घालायचा तेवढा बाकी होता. मीही त्यांच्या मागोमाग गेले, मला वाटलं आज दीपमालाला कुणीतरी सोबत हवं.

बोळाच्या तोंडाशी सगळे थांबले. काकींच्या अंगणाच्या फाटकाला बाभळीच्या काट्या लावलेल्या होत्या. शेतात गुरं येऊ नयेत म्हणून बांधाला लावतात तशा, चांगल्या पुरुषभर उंच. त्या दीपमालानं लावल्या असत्या तर आमच्या लोकांना निदान शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. पण काट्यांच्या आत खुर्ची टाकून काकी बसल्या होत्या, आणि दोन्ही हातांवर ओरखडे होते. रानातून मोळी करून त्यांनी स्वतःच ओढत आणल्या होत्या.

आबांनी काट्या बाजूला घ्यायला सांगितलं. काकी हलल्या नाहीत. एक गोष्ट इथं सांगायला हवी. काकींच्या पिढीतल्या बायका थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून त्या आबांशी एक शब्द थेट बोललेल्या नव्हत्या. काही सांगायचं असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं आणि दिरानं ते ऐकायचं. त्यांनी पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "संयोगिता, मामंजींना म्हणावं, च्या टाकते. पर हितंच, काटीच्या भायेर."

आबांचा चेहरा असा झाला की मला आतून गुदगुल्या झाल्या. भावकीसमोर, मुंबईच्या पाहुण्यांसमोर, आबांना बाभळीच्या पलीकडून चहा! ते काठी आपटून म्हणाले, "आमी काय ढोरं हाय व्हय? आजपासनं ह्या घराशी भावकीचं जाणं-येणं बंद. उद्या खांदा द्यायला माणूस मिळायचं न्हाई, ध्यानात ठेवा." सगळ्यांनी माना हलवल्या. तीन जीप मागं मागं घेत बोळातून निघाल्या, कारण तिथं वळायला जागा नाही.

आमच्याकडे ही शिक्षा फार मोठी समजतात. आणि गंमत अशी की, पुण्याच्या डॉक्टरनं हात जोडून जे मागितलं आणि भावकीनं दिलं नाही, ते आबांनी रागाच्या भरात फुकट देऊन टाकलं. बोळात चिटपाखरू फिरकेना. विडी नाही, खोकला नाही, गाढविणीचं दूध नाही. भावजींचा ताप उतरला. छाती निवळली. नवीन ताप आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आमची भावकी कुणाच्या उपयोगी पडली, आणि तेही न जाऊन.

काकींना मात्र ते पेलणं अवघड होतं. त्यांना हळदी-कुंकवाला बोलावणं नाही, बारशाला नाही, लग्नाची पत्रिका नाही. गिरणीत दळण घेऊन गेल्या तर बायका गप्प होत. मी शाळेतून येताना बोळातून जायचे, काट्यांच्या बाहेर उभी राहून दोन शब्द बोलायचे. आबांना कळलं तेव्हा त्यांनी आठवडाभर माझ्या हातचं जेवण सोडलं. बरंच झालं, सासूबाईंच्या हाताला काम मिळालं.

पावसाळ्यात बनुबाई आजारी पडली. न्यूमोनिया. काकींची जन्माची जोडीदारीण. तिला बघायला अख्खा तालुका लोटला. ज्या बाईबरोबर तिनं एसटीनं पन्नास गावं पालथी घातली, ती तेवढी नव्हती. आळीतलं कुणी काकींना येऊ दिलं नसतं हे खरं, पण काकी तशाही गेल्या नसत्या. खोकणाऱ्या माणसाजवळ बसून परत लेकाच्या खोलीत यायचं? मी निरोप आणायचे, आज थोडं जेवली, आज बोलत नाही. काकी काट्यांच्या आतून ऐकायच्या. बनुबाई गेली त्या सकाळी पलीकडच्या आळीतला आकांत त्यांच्या अंगणात ऐकू येत होता. त्या कडुनिंबाखाली जमिनीवर बसून होत्या. मला विचारलं, "माझी याद काढली का गं?" काढली होती. शुद्धीत होती तोवर शाली आली का, शाली आली का, करत होती. मी ते सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण मला खोटं बोलता आलं नाही. मला तेव्हा काकींची दया आली, आणि आपल्या माणसांची इतकी शिसारी आली की शाळेत पोरांवर उगाचच ओरडले.

दिवाळी होऊन गेल्यावर पुन्हा फोन आला. दुपारचं जेवण चाललं होतं. ताटं तशीच ठेवून निघाले. या वेळी ताप नव्हता, छाती स्वच्छ होती, आणि आत नेलेलं माणूस बाहेर पाठवलं नाही. ऑपरेशन झालं.

आबांनी लगेच वडूजच्या चौकात सांगून टाकलं की आपण एका मंत्र्याच्या पीएला फोन केला होता. वरातीमागून घोडं तरी येतं, आबा वरात संपल्यावर नवरदेव म्हणून उभे राहतात.

मी सुट्टीत पुण्याला गेले. काकी दवाखान्याच्या काचेबाहेर बसून होत्या. काचेच्या आत भावजी, अंगभर नळ्या, पण नाकातली ती जुनी नळी नव्हती. आत जायला कुणाला परवानगी नाही, एकट्या दीपमालाला होती, तीही पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळून. काकी दिवसभर काचेतून लेकाची छाती वरखाली होताना बघत बसायच्या. माणसाला असं लांबून बघता येतं हे त्यांना उतारवयात शिकावं लागलं.

पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. नर्सच्या बोलण्यातून एवढं कळलं होतं की ज्याचं फुप्फुस मिळालं तो तरुण मुलगा होता. काकींनी डॉक्टरांना विचारलं, त्याचं घर कुठं? डॉक्टर म्हणाले, नाव-गाव सांगत नसतात, तसा नियमच आहे. काकी म्हणाल्या, "मला काय मागायचं न्हाई त्येंच्याकडं. त्या माउलीच्या दारात घटकाभर बसून यायचंय. दुखाला जायाच लागतं, सायेब." डॉक्टर भला माणूस, पण काय करणार? जन्मभर ज्यांच्याशी काडीचं देणंघेणं नाही त्यांच्या दारात ही बाई रडून आली, आणि जिथं खरंच जायला हवं होतं त्या दाराचा पत्ता तिला कुणी देईना. ती रागावली नाही. त्या संध्याकाळी जेवली नाही एवढंच.

दवाखान्याजवळ खोली घेऊन काही महिने काढल्यावर भावजींना गावी जायची परवानगी मिळाली. तोंडावर मास्क, गर्दी वर्ज्य, धूळ वर्ज्य, जन्मभर. अंगाला नवं फुप्फुस परकं वाटू नये म्हणून जी औषधं देतात त्यांनी माणसाची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. साधी सर्दीही महागात पडते. मी हे आमच्या घरात जेवणाच्या वेळी सांगितलं. दोनदा सांगितलं. आबांनी भाकरी मोडत विचारलं की गाडी किती वाजता पोचणार.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. सकाळी बोळाच्या तोंडाला फ्लेक्स लागला. मधोमध आबांचा नमस्कार केलेला फोटो, बाजूला भावकीतल्या तरण्या पोरांच्या काळ्या चष्म्यातल्या मुंड्या, आणि खाली कोपऱ्यात लग्नातल्या फोटोतून कापलेले उदयभावजी. मृत्यूवर मात करणाऱ्या जवानाचं हार्दिक स्वागत. स्वागतोत्सुक, समस्त भावकी. बाभळीच्या काट्या उचलून नाल्यात फेकलेल्या. फाटकात हलगीवाले, ताटात गुलाल, पुरुषभर उंचीचा हार, आणि जवळजवळ सगळी तीच माणसं जी जत्रेला त्या खोलीत घुसली होती. आबांनी भाषण पाठ केलं होतं. झालं गेलं विसरून भावकी मोठ्या मनानं जाणं-येणं सुरू करत आहे, असा त्याचा मथितार्थ. मी काकींना फोन लावत होते, लागत नव्हता. वाटेत रेंज नसते.

गाडी आली. हलगी कडाडली. आबा गुलालाची मूठ भरून गाडीच्या दाराकडं झेपावले. मी ओरडले, पण हलगीपुढं माझा आवाज कुणाला ऐकू येणार. दीपमालानं आतून काच वर घेतली आणि भावजींना आपल्या अंगाखाली घेतलं.

पुढचं दार उघडून काकी उतरल्या. उतरल्या त्या नेमक्या आबांच्या आणि मागच्या दाराच्या मध्ये. पदर पुढं ओढला नाही. हात वर केला तशी हलगी हळूहळू थांबली, कारण वाजवणाऱ्यांनाही कळेना की ही बाई थोरल्या दिराच्या तोंडाकडं बघत काय उभी राहिली आहे. काकींनी या वेळी माझ्याकडं पाहिलं नाही. मधे कुणालाही न घेता त्या थेट बोलल्या.

"गुलाल चालत न्हाई आमच्यात. दुःख हाय. वरीस व्हायचं हाय अजून."

आबा गडबडले. मूठ तशीच वर. आमच्यात घरचं माणूस गेलं की वर्षभर गुलाल नाही, सण नाही, हे त्यांनाही माहीत. ते नाकारता येत नाही. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. म्हणाले, "कुणाचं दुःख? बनुबाईचं सुतक तर कवाच फिटलं. दुसरं भावकीत कोण गेलंया?"

"गेलं एक तरणं पोर. त्याच्या श्वासावर माझं लेकरू जितं हाय. त्याचं धरलंय आमी." काकींचा आवाज जराही चढला नव्हता. "तुमाला न्हाई लागत ते, आबा. तुमचं आमचं जाणं-येणं बंद हाय."